बॅरी बाँड्सला हॉल ऑफ फेमची दारे बंद ठेवणे न्याय्य आहे का?

धागाकर्ता:
न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे असलेल्या बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या सोळा सदस्यांच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये आठ माजी खेळाडूंचा विचार केला आणि त्यांतून एकट्या जेफ केंटची निवड केली. निवडीला १२ मते पुरतात, केंटला १४ मिळाली. स्टेरॉइड घेतल्याचा संशय असलेल्या फलंदाज बॅरी बाँड्स आणि पिचर (चेंडू फेकणारा) रॉजर क्लेमेन्स यांना मात्र पाच मतांचा आकडाही गाठता आला नाही. यातली विसंगती अशी की, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळताना केंट बराच काळ बाँड्सच्या पाठोपाठ फलंदाजीला येत असे, आणि बाँड्सला सरळ चेंडू टाकायला पिचर धजावत नसल्यामुळे केंट उभा राही तेव्हा बेसवर (धावा काढतानाच्या टप्प्यावर) माणूस आधीच असे. ज्याच्या धाकावर दुसऱ्याची कारकीर्द बहरली, तो बाहेर आणि दुसरा आत!

बाँड्सचे ७६२ होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून मिळवलेल्या धावा) हा आजही विक्रम आहे. सात वेळा तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू (एमव्हीपी) ठरला. २,५५८ वेळा तो वॉकवर (चार वाईट चेंडूंनंतर फलंदाजाला मिळणारी सूट) पहिल्या बेसवर गेला आणि त्यांतील ६८८ वेळा प्रतिपक्षाने त्याला जाणूनबुजून तिकडे धाडले, कारण धोका पत्करण्यापेक्षा एक बेस फुकट देणे त्यांना परवडत असे. स्टेरॉइडचा संशय घेणारे बहुतेक लोक १९९८ नंतरच्या काळाकडे बोट दाखवतात. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंतच त्याच्या नावावर ४११ होम रन, ४४५ चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना धावून गाठलेले) आणि तीन एमव्हीपी किताब होते. तो तिथेच निवृत्त झाला असता तरी त्याची निवड अटळ होती, असे मला वाटते.

परंतु माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. मेजर लीगच्या (अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) ज्या आयुक्तांच्या कारकिर्दीत हे सारे घडले, ज्यांच्या काळात होम रनच्या लाटेवर स्टेडियम भरली आणि दंड असलेली चाचणी २००४ पर्यंत सुरू झाली नाही, त्या बड सेलिग यांचा सन्मानफलक २०१७ पासून हॉल ऑफ फेमच्या भिंतीवर झळकतो आहे. दुकान चालवणाऱ्याचा सत्कार करायचा आणि माल विकत घेणाऱ्याला तेवढे चोर ठरवायचे, हा कुठला न्याय?

पहिला प्रतिसाद:
सेलिग यांची निवड चुकीची होती, हे मान्य. पण एका चुकीचे परिमार्जन दुसऱ्या चुकीने होत नाही. निवडीच्या नियमात खेळातील कामगिरीबरोबरच सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि १९९८ पर्यंतचा बाँड्स वेगळा काढून त्याचा सत्कार करता येत नाही, कारण फलक अर्ध्या माणसाचा लागत नाही.

आपल्या विवेचनात एक माणूस मात्र कुठेच दिसला नाही, तो म्हणजे फलंदाज फ्रेड मॅकग्रिफ. १९८९ मध्ये ३६ होम रन मारून तो अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात) पहिला आला आणि १९९२ मध्ये नॅशनल लीगमध्ये पहिले येण्यास त्याला ३५ पुरले. १९९९ मध्येही त्याने ३२ मारले, पण त्याच वर्षी मार्क मॅग्वायरने ६५ आणि सॅमी सोसाने ६३ मारल्यामुळे त्या ३२ची कोणी दखलही घेतली नाही. मॅग्वायरने पुढे २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. मॅकग्रिफ ४९३ वर थांबला, दहा वर्षे पत्रकारांच्या मतपत्रिकेवर (समितीपुढे जाण्याआधी खेळाडूंची निवड पत्रकारांच्या मतांनी होते) राहिला आणि ४० टक्क्यांचा टप्पाही ओलांडू शकला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समितीने त्याला १६ पैकी १६ मते देऊन आत घेतले आणि त्याच बैठकीत बाँड्सला नाकारले, तेव्हा मला तरी तो उशिराने झालेला हिशेब वाटला.

दुसरा प्रतिसाद:
पिचर गेलॉर्ड पेरी चेंडूला वंगण लावून फेकत असे. १९७४ च्या आत्मचरित्रात त्याने ते स्वतः सांगितले, १९८२ मध्ये त्याबद्दल मैदानाबाहेरही काढला गेला आणि १९९१ मध्ये सन्मानाने हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. ती लबाडी गमतीची आणि ही अक्षम्य, असे का?

पहिला प्रतिसाद देणारे:
वंगणाने चेंडू वळतो, शरीर बदलत नाही. शिवाय पेरीची युक्ती अंपायरला मैदानात पकडता येत होती.

धागाकर्ता:
मॅकग्रिफचा मुद्दा मला खरोखरच विचारात पाडतो आणि त्याचे उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. तरीही मतदारांची कसोटी एकसारखी असती तर मी गप्प बसलो असतो. २००३ च्या गोपनीय उत्तेजक चाचणीत फलंदाज डेव्हिड ऑर्टिझचे नाव आल्याचे वृत्त २००९ मध्ये छापून आले. त्या चाचणीच्या निकालांत चुका असू शकतात, असे आयुक्त मॅनफ्रेड यांनी नंतर म्हटले, आणि संशयाचा फायदा मिळून ऑर्टिझ २०२२ मध्ये पहिल्याच प्रयत्नात ७७.९ टक्के मतांनी निवडला गेला. त्याच मतपत्रिकेवर, आपल्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, बाँड्स ६६ टक्क्यांवर अडकला. हवे होते ७५. बाँड्सला मेजर लीगने उत्तेजकांबद्दल कधीही निलंबित केले नाही, आणि न्यायाच्या आड आल्याबद्दल २०११ मध्ये झालेली त्याची शिक्षा २०१५ मध्ये अपिलात रद्द झाली. ऑर्टिझ हसतमुख होता आणि बाँड्स पत्रकारांशी तुसडेपणाने वागे, एवढ्याने हा फरक पडला नसेल, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

तिसरा प्रतिसाद:
मी ऑर्टिझला मत दिले असते आणि बाँड्सला नाही, आणि त्यात तुसडेपणाचा संबंध नाही. ऑर्टिझविरुद्ध एका वादग्रस्त यादीपलीकडे काही नाही. बाँड्सच्या बाबतीत खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को प्रयोगशाळेची चौकशी आहे, आणि ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) त्याने दिलेली साक्ष वृत्तपत्रांतून बाहेर आली तीत, ती मलमे व द्रव्ये वापरली, पण ती स्टेरॉइड आहेत हे ठाऊक नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. इतक्या काटेकोर खेळाडूला आपण अंगाला काय चोळतो हे माहीत नसावे, हे माझ्या गळी उतरत नाही.

चौथा प्रतिसाद:
पीट रोझचे काय? ४,२५६ हिट्स (चेंडू टोलवून यशस्वीपणे बेस गाठणे) मारणाऱ्या माणसाला बेसबॉलवर जुगार खेळल्याबद्दल १९८९ पासून मरेपर्यंत बंदी, आणि मृत्यूनंतर मे २०२५ मध्ये ती उठवली.

धागाकर्ता:
रोझची गोष्ट इथे मिसळू नये, अशी विनंती. जुगाराविरुद्धचा नियम प्रत्येक क्लबच्या कपडे बदलण्याच्या खोलीत टांगलेला असतो आणि तो मोडल्यास काय होईल हे रोझला पुरते ठाऊक होते. बाँड्सच्या काळात स्टेरॉइडविरुद्धचा आदेश १९९१ पासून कागदावर होता, पण तो पाळला जातो की नाही हे पाहणारी चाचणीच २००३ पर्यंत नव्हती. आता रोझचे नाव डिसेंबर २०२७ मध्ये समितीपुढे येऊ शकते. पाचपेक्षा कमी मते मिळालेल्या खेळाडूला तीन वर्षांनी येणाऱ्या पुढच्या फेरीत बसता येत नाही, या नव्या नियमामुळे बाँड्सला मात्र डिसेंबर २०३१ पर्यंत थांबावे लागेल. तेव्हा तो ६७ वर्षांचा असेल, आणि त्या वेळीही पाच मते मिळाली नाहीत तर त्याचे नाव पुन्हा कधीच विचारात घेतले जाणार नाही.