मदत हवी आहे: दोन रंगांचा, दोन्हीकडून वेणी दिसेल असा मफलर

नमस्कार. तीन आठवडे एकाच मफलरवर अडून बसले आहे, कुणाला जमत असेल तर सांगा.

मफलर माझ्या वडिलांसाठी आहे. मी नाशिकला असते, अण्णा निफाडकडे बागेत. थंडीचा कडाका वाढला की द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे शेकोट्या पेटवायच्या, पाणी सोडायचं. अण्णा अंधारातच उठतात आणि मफलर हाताला येईल तसा गुंडाळतात. म्हणून ठरवलं, याला उलटी बाजूच ठेवायची नाही.

साधी वेणी, म्हणजे टाके एकमेकांवरून नेऊन घातलेला पीळ, मागून अगदी ओबडधोबड दिसते. दोन सुलट, दोन उलट अशा विणीत घातली तर दोन्हीकडून उठते, कारण इकडचा उलट टाका तिकडून सुलटच असतो. पण मला एकीकडे मेंदी आणि दुसरीकडे मोतिया रंग हवाय. म्हणून दुहेरी वीण घेतली: एक टाका मेंदीने सुलट, शेजारचा मोतियाने उलट, अशा 24 जोड्या, म्हणजे 48 टाके. सुया आठ नंबरच्या, लोकर मेन रोडवरून आणलेली, जरा जाड. सुलट टाक्याला दोन्ही धागे मागे, उलट टाक्याला दोन्ही पुढे, इथवर हात बसलाय.

घोटाळा वेणीपाशी होतो. तीन जोड्या तिसऱ्या सुईवर पुढे धरते, पुढच्या तीन विणते, मग धरलेल्या विणते. पीळ पडतो, पण तिथे टणक गाठ होते, सुई शिरत नाही. आणि मफलर ताणला की मेंदीच्या वेणीतून मोतिया डोकावतो! चारदा उसवलं, लोकरीचा पार भुगा व्हायला आला.

प्रतिसाद

ताई, तुम्ही जोडीच्या जोडी उचलता, त्यामुळे पिळाच्या जागी मेंदी, मोतिया, मेंदी, मोतिया असे चार थर बसतात. मधला रंग फटीतून दिसणारच. पीळ घालण्याआधी त्या 12 टाक्यांचे रंग वेगळे करा. मेंदीचे सहा एका जादा सुईवर, मोतियाचे सहा दुसऱ्या सुईवर. मेंदीचे तीनावर तीन आपसात पिळा, मोतियाचे आपसात. मग एक मेंदी, एक मोतिया असे परत डाव्या सुईवर ओवा आणि नेहमीसारखे विणा. वेळखाऊ काम आहे, पण रंग मिसळत नाहीत.

टणकपणासाठी पिळाच्या आधीच्या ओळीत त्या 12 टाक्यांना धागा सुईवर दोनदा गुंडाळा. पुढच्या ओळीत जादा वेढा सोडला की टाके लांब होतात. तरी घट्ट वाटलं तर सात नंबरच्या, म्हणजे जरा जाड, सुया घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

काल रात्री केलं. मोतियाचा एक टाका ओवताना निसटला, क्रोशाच्या सुईने उचलला. पहिली वेणी आली, ताणूनही मोतिया दिसत नाही. खूप खूप आभार. एकच विचारायचं राहिलं: मोतियाच्या बाजूचा पीळ उलट्या दिशेने घातला तर चालेल ना?