पॅकेज अपग्रेडने जागा सुटत नाही

राउटरवरची जुनी पॅकेजं (छोटे प्रोग्राम) अपग्रेड केली की त्याच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या साठवणुकीत, जागा होईल, असा सल्ला दिला जातो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या लिनक्स सिस्टिमवर नेमकं उलटं होतं. मूळ इमेज (फर्मवेअरची फाइल) स्क्वॉशएफएस या फाइलसिस्टिममध्ये, फक्त वाचण्यापुरती. पॅकेजची नवी आवृत्ती ओव्हरलेत, म्हणजे वरच्या लिहिता येणाऱ्या भागात जाते आणि जुनी खाली तशीच जागा अडवून बसते. 8 एमबीच्या राउटरवर ओव्हरले भरायला कितीसा वेळ! मग सेटिंगही सेव्ह होत नाहीत. त्यापेक्षा नवी सिसअपग्रेड इमेजच, म्हणजे अख्खं नवं फर्मवेअर चढवा.

राउटर आधीच अडकला असेल तर चालू होताना दिवा लुकलुकू लागला की रीसेट दाबा, फेलसेफ (दुरुस्तीपुरता मोड) सुरू होईल. संगणकाला 192.168.1.2 हा पत्ता हाताने द्या (तिथे डीएचसीपी, म्हणजे पत्ता आपोआप देणारी सोय नसते, बरेच जण इथेच फसतात), एसएसएचने (दुरून कमांड देण्याची सोय) राउटरच्या 192.168.1.1 वर शिरा, फर्स्टबूट ही ओव्हरले पुसणारी कमांड चालवून रीबूट करा. सेटिंग मात्र सगळी जातील.