मदत हवी आहे: एकही नळ गळत नाही, तरी दरवर्षी प्लंबिंग तपासून घ्यावं का?

राजारामपुरी_गल्ली

घर कोल्हापुरात राजारामपुरीत, तळमजला अधिक एक. बांधकाम २००२ चं. पाइप भिंतीत गाडलेले, जीआयचे (जस्ताचा थर दिलेले लोखंडी). वरच्या बाथरूमचे तेवढे २०१५ साली सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) केले. गच्चीवर १००० लिटरची प्लास्टिकची टाकी, जमिनीत ५ बाय ६ फुटांची सिमेंटची टाकी. नळाचं पाणी आणि बोअर, दोन्ही आहे.

खालच्या बाथरूमच्या पाठीमागची हॉलची भिंत गुडघाभर उंचीपर्यंत फुगली आहे, रंगाचे पोपडे येतात. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी, पण पूर्ण वाळत नाही. गवंडी म्हणतात वॉटरप्रूफिंग करून घ्या. प्लंबर म्हणतात गळायला लागलं की बोलवा.

प्रश्न असे: गळती दिसत नसताना तपासणी करून उपयोग होतो का? होत असेल तर नेमकं काय तपासायचं, कधी, आणि त्यातलं घरच्या घरी किती जमतं?

---

पाना_नंबर_बारा

वॉटरप्रूफिंगला आत्ता हात लावू नका. भिंत उन्हाळ्यातही वाळत नाही हे तुम्हीच लिहिलंय, त्यातच अर्धं उत्तर आहे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर सगळ्याच भिंती दमट असतात. तेव्हा पावसाची ओल कुठली आणि पाइपची कुठली हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. एप्रिल-मेमध्ये जी ओल टिकते ती बहुतेक वेळा घरातल्याच पाण्याची असते. म्हणून तपासणी मेच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाळा सुरू व्हायच्या आधी.

आता "नळ गळत नाही" याबद्दल. नळ हा दिसणारा भाग. भिंतीतला पाइप गळतो तेव्हा पाणी आधी विटेत, मग गिलाव्यात, मग फरशीखालच्या मुरमात जातं. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर महिने जातात. तपासणी म्हणजे प्लंबरने येऊन नळ उघडून-बंद करून बघणं नव्हे. पाणी बंद करायचं, आकडा लिहायचा, थांबायचं, परत आकडा घ्यायचा. हे प्लंबरशिवाय होतं.

आधी फ्लश. टाकीत कपड्यांची नीळ चमचाभर टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळी रेघ उतरली तर खालचं रबरी वॉशर गेलंय. हे पहिलं करायचं कारण, फ्लशची झिरप पुढच्या सगळ्या मापात घोळ घालते.

मग गच्चीची टाकी. रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर मोटार बंद, आणि टाकीत वरून दुसरी कुठली लाइन येत असेल तर तीही बंद. झाकणाच्या काठापासून पाण्यापर्यंत टेपने अंतर मोजा. रात्री कोणी पाणी वापरायचं नाही. पहाटे परत मोजा. १००० लिटरच्या उभ्या टाकीचा व्यास साधारण १.१ मीटर धरला तर पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे साडेनऊ लिटर गेले. टेपने मोजताना २-३ मिलिमीटरचा फरक पडतोच, तो सोडून द्या. सेंटीमीटरभर किंवा जास्त उतरलं तर दुसऱ्या रात्री टाकीखालचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून तेच माप घ्या. आता पातळी जागची हलली नाही तर टाकी ठीक, गळती लाइनमध्ये. मग एकेक व्हॉल्व्ह उघडा ठेवून एकेक रात्र: स्वयंपाकघराची लाइन, बाथरूमची लाइन, फ्लशची लाइन. तीन-चार रात्रींत कुठली लाइन ते कळतं. एकही टाइल फोडावी लागत नाही.

एक अडचण येते. गच्चीवरचे जुने पितळी गेटव्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत, आतल्या पत्त्याखाली क्षार आणि गाळ बसतो. व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडा. पाइपातलं पाणी संपल्यावर धार थांबली पाहिजे. बारीक धार चालूच राहिली तर माप खोटं येणार. आधी तो व्हॉल्व्ह काढून बॉलव्हॉल्व्ह बसवा. आणि वर्षातून दोनदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण फिरवत जा, नाहीतर ज्या दिवशी खरंच पाणी तोडायचं असतं त्या दिवशी चाक हातात येतं आणि दांडा तिथंच.

---

रंकाळाकाठ

वरचं सगळं बरोबर. गच्चीच्या टाकीने घरातल्या लाइन कळतात, पण मीटरपासून जमिनीतल्या टाकीपर्यंतचा तुकडा त्यात येत नाही. आणि आपल्याकडे तोच सगळ्यात दुर्लक्षित.

पुस्तकात लिहितात, सगळे नळ बंद करून दोन तास मीटर बघा. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं, त्यामुळे इतर वेळी हे करून काही कळत नाही. पाणी आलं की पहिली दहा मिनिटं सोडून द्या, तेव्हा पाइपातली हवासुद्धा मीटर फिरवते. मग जमिनीतल्या टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) दोरीने वर बांधून बंद करा, अंगणातला डायरेक्ट नळ बंद करा, आणि १५ मिनिटं मीटरकडे बघा. तबकडीवरचा छोटा चांदणीसारखा काटा फिरत असेल तर मधला पाइप फुटलाय, नाहीतर बॉलकॉक पाणी सोडतोय. टाकीत वाकून थेंब पडतोय का बघितलं की दोन्हीतलं कुठलं ते कळेल.

पेठांमध्ये हा अर्ध्या इंचाचा जीआय पाइप अनेकदा गटारातूनच घरात शिरतो. गटारातल्या पाण्याने बाहेरून गंजतो. पाणी चालू असताना दाबामुळे पाणी बाहेर येतं, कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते, आत ओढ तयार होते आणि त्याच भोकातून गटारातलं पाणी आत जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाण्याला वास येतो तो याचा. डायरेक्ट लाइनला मोटार लावणाऱ्यांकडे ही ओढ आणखी जोरात असते. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय स्वतःच्याच टाकीत घाण ओढून घेणं आहे. तेव्हा तपासणीत गटारावरचा तुकडा डोळ्यांनी बघा, पापुद्रे सुटत असतील तर बदला आणि नवा पाइप जाड केसिंगमधून (बाहेरच्या संरक्षक पाइपातून) गटाराच्या वरून न्या. जोडणीचं काम महापालिकेच्या परवानाधारक प्लंबरकडूनच करा.

जमिनीतल्या टाकीचं माप: ५ बाय ६ फूट म्हणजे १ सेंटीमीटरला २८ लिटर. टाकीतून मोटार काहीही उचलत नसताना रात्रीत सेंटीमीटरभर उतरली तर भिंतीला चीर आहे. उलट पावसाळ्यात पातळी आपोआप *वाढली* तर जास्त काळजी करा, बाहेरचं पाणी आत येतंय. शेजारी ड्रेनेजचा चेंबर असेल तर त्या दिवसापासून ते पाणी पिऊ नका.

---

उद्यमनगरकर

तुमच्या केसमध्ये माझा संशय दोन जागांवर.

एक, जीआयचे जोड. पाइपावर आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो आणि पाइपाची जाडीही कमी होते. गंज कायम तिथूनच सुरू होतो. मधला पाइप ठणठणीत आणि एल्बोजवळ (वळणाच्या जोडाजवळ) सुईएवढं भोक, हे नेहमीचं. २००२ चे पाइप म्हणजे वय झालंच आहे. सकाळच्या पहिल्या तांब्यात पाणी तांबूस येतं का ते बघा. आणि १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते प्रत्येक नळाला मोजून वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच नळाला दीडपट वेळ लागला तर पाइप आतून बुजत चाललाय. एकाच नळाला धार कमी असेल तर तोंडाची जाळी काढून धुवा, फक्त गरम पाण्याला कमी असेल तर गीझरकडे बघा.

दोन, २०१५ चा जोड, जिथे जुना जीआय आणि नवा सीपीव्हीसी भेटतात. तिथे पितळी आट्यांचा अडॅप्टर वापरलाय का प्लास्टिकच्या आट्यांचा, ते विचारा. प्लास्टिकचा असेल आणि पान्याने आवळला असेल तर केसाएवढी चीर पडते, कधीकधी दोन-तीन वर्षांनी. सीपीव्हीसीच्या आट्यांवर टेफलॉन टेप लावतात. सुतळी आणि सफेदा हा जीआयचा उपाय, तो तिथे चालत नाही.

लाइन कुठली ते कळल्यावर तिच्यावर प्रेशर टेस्ट घ्या, म्हणजे पंपाने पाणी दाबून दाब टिकतो का ते बघा. हातपंप आणि गेज प्लंबरकडे असतो. गीझर वेगळा करा, प्रत्येक नळ काढून डमी (बूच) लावा, १० किलोला (दर चौरस सेंटीमीटरला १० किलो दाबाला) दोन तास ठेवा. काटा उतरला तर गळती नक्की.

---

पाना_नंबर_बारा

@उद्यमनगरकर १० किलो नव्या लाइनला ठीक. २००२ च्या जीआयला नको भावा. गच्चीची टाकी खालच्या नळापासून ७-८ मीटर उंच, म्हणजे नळावर जेमतेम पाऊण किलोचा दाब. १० मीटरला १ किलो हा हिशोब. जो पाइप पाऊण किलोवर अजून दहा वर्षं ओढला असता तो १० किलोवर तुम्हीच फोडणार. जुन्या लाइनला दोन, फार तर अडीच किलो पुरे. गळती असेल तर काटा तेवढ्यावरही उतरतोच, फक्त वेळ जास्त द्या.

---

उद्यमनगरकर

मान्य. जीआयला अडीच. वरच्या सीपीव्हीसीची लाइन वेगळी तोडता येत असेल तर तिला जास्त द्या.

---

राजारामपुरी_गल्ली

निळीची परीक्षा झाली, फ्लश ठीक. टाकी दोन रात्री मोजली, सगळं चालू ठेवून. पातळी अजिबात उतरली नाही. म्हणजे पाइप ठीक धरायचे? मग भिंत का फुगते?

---

रंकाळाकाठ

दाबाच्या लाइन ठीक. राहिलं सांडपाणी. दाबाची लाइन गळते ती चोवीस तास, सांडपाण्याची गळते फक्त बाथरूम वापरल्यावर. टाकीच्या मापात ती कधीच दिसणार नाही. गुडघ्याखालची ओल आणि बाथरूमच्या पाठीमागे, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं, वास अडवायला पाणी धरून ठेवणारं भांडं) किंवा त्याच्या भोवतीची फरशी.

असं करा. ओल आलेल्या भागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. खालचं बाथरूम आठ दिवस बंद, सगळ्यांनी वरचं वापरायचं. आठ दिवसांनी ओल रेघेच्या आत सरकली तर उत्तर मिळालं. आता खात्री करायला नहाणीचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने गच्च बंद करा आणि फरशीवर इंचभर पाणी २४ तास उभं करा, उंबऱ्याच्या खालीच राहील एवढंच. पाणी उतरलं आणि भिंत ओली झाली तर फरशीचे सांधे गेलेत. पाणी जागेवर राहिलं तर बोळा काढून दोन बादल्या एकदम ओता. तेव्हा भिंत ओली झाली तर ट्रॅप आणि पाइप यांचा जोड.

दोन्ही दुरुस्त्यांचा खर्च फार वेगळा आहे. सांधे असतील तर जुनं पांढरं सिमेंट पूर्ण खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरलं की भागतं. ट्रॅपचा जोड असेल तर ट्रॅपभोवती दीड-दोन फूट फरशी उघडावी लागेल. सगळं बाथरूम फोडायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

---

तांबडा_पांढरा

ड्रेनेजचा विषय निघालाच आहे तर चेंबरची झाकणं मेमध्येच उघडून बघा. वरून बादलीभर पाणी सोडा, खाली धार सलग आली पाहिजे. थांबून-थांबून आली तर मध्ये साठलंय. स्वयंपाकघराच्या गल्ली ट्रॅपमध्ये (घराबाहेर सिंकचं पाणी पडतं त्या जाळीच्या खड्ड्यात) भात आणि तेलाची साय बसते, ती काढा. गच्चीचा पावसाचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलाय का तेही बघा. बऱ्याच घरांत असतो, आणि मोठ्या पावसात चेंबर भरून पाणी तळमजल्याच्या नहाणीतून वर येतं.

सखल भागात, म्हणजे व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, शाहूपुरीच्या खालच्या बाजूला, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलं. तिथल्या लोकांनी बाहेरच्या लाइनवर उलट पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवावा आणि पावसाळ्याआधी झडपेत अडकलेला कचरा काढावा. अडकलेली झडप असून नसून सारखीच. राजारामपुरीला पुराची चिंता नाही, चेंबर तुंबण्याची आहे.

सेप्टिक टँक असेल तर माणूस आत उतरवायचा नाही, झाकण उघडून "जरा बघतो" हेसुद्धा नाही. आतला वायू काही क्षणांत बेशुद्ध करतो. गाडी बोलवून उपसून घ्या, दोन-तीन वर्षांनी एकदा.

---

पाना_नंबर_बारा

गीझर राहिला. नदीचं पाणी मऊ, त्यावर फार थर बसत नाही. बोअरचं पाणी गीझरला जात असेल तर वर्षातून एकदा एलिमेंट काढून बघा, पांढरा थर बसलेला असतो. त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड बघा. पेन्सिलीएवढा उरला असेल तर बदला, तो संपला की टाकीचाच पत्रा गंजतो. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी तीन महिन्यांनी एकदा उचलून पाणी येतं का पाहा. त्यातून थेंब पडतो म्हणून कोणी तिथे बूच मारतं. ते बूच म्हणजे बॉम्ब.

आणि बोअर व नळाचं पाणी एकाच टाकीत सोडताना मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह ठेवून दोन्ही लाइन जोडल्या असतील तर आधी त्या तोडा. व्हॉल्व्ह थोडा जरी सुटला तरी बोअरचं पाणी महापालिकेच्या लाइनमध्ये जाऊ शकतं. दोन्ही पाइप टाकीत वरून, पाण्याच्या पातळीच्या वर, वेगवेगळे सोडा.

---

राजारामपुरी_गल्ली

बाथरूम आठ दिवस बंद ठेवलं. ओल रेघेच्या आत तीन बोटं सरकली. नंतर पाणी उभं केलं, २४ तासांत उतरलं नाही. बोळा काढून दोन बादल्या ओतल्यावर तासाभरात भिंत खालून काळवंडली. म्हणजे ट्रॅपचा जोड. दुरुस्ती करताना काय सांगायचं?

---

रंकाळाकाठ

जुना ट्रॅप काढून नवा पीव्हीसीचा, किमान ५० मिलिमीटर पाणी धरणारा घ्या. आउटलेट पाइपला मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर उतार, लेव्हल लावून. जोडावर सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचा द्राव), नुसतं सिमेंट-वाळूचं गोळं थापू देऊ नका, तुमचा जुना जोड बहुधा तसाच असेल. फरशी बसवायच्या आधी, खड्डा उघडा असताना पाइपाचं पुढचं तोंड बंद करून ट्रॅप काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी तीच दिसल्याशिवाय गवंड्याला माल कालवू देऊ नका.

भिंतीचा फुगलेला गिलावा विटेपर्यंत काढा आणि दीड-दोन महिने तशीच उघडी ठेवा. आत्ता लगेच गिलावा केला तर आतली ओल आणि खार परत रंग फोडतील. आता मे संपत आलाय, तेव्हा गिलावा दिवाळीनंतरच.