आपल्याच शहरात सुट्टी कशी काढलीत? (अनुभव धागा)

टेकडीकर

रजा शिल्लक आहे, रेल्वेचं आरक्षण मिळत नाही आणि कोकणातल्या घरगुती खोल्या कधीच भरून गेल्यात, अशी अवस्था सध्या बऱ्याच घरांत दिसते. म्हणून विचारतोय. राहत्या शहरातच सुट्टी काढली आहे का कुणी? लोळत काढलेला दिवस नको, तो दर रविवारी असतोच. ठरवून, पैसे बाजूला काढून, शहर बघत घालवलेली सुट्टी हवी.

माझं मत आधीच सांगतो. काय बघायचं ते पटकन ठरतं, भारी पडतं ते घर. बाहेरगावी गेलं की स्वयंपाकाचा विषयच निघत नाही, इथे तो सकाळी उठल्याउठल्या निघतो. त्यामुळे आमच्याकडचा पहिला नियम असा की गॅस फक्त चहापुरता पेटेल. डबा लावा, खानावळीत जा, भेळेवर भागवा. नाहीतर घरातल्या तिघांची सुट्टी होते आणि चौथी ओट्यापाशी.

पुण्यात आम्ही पेठा घेतल्या. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती किती पुणेकरांनी नीट बघितलाय? अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं देऊळ, आत संस्कृत आणि फारसी शिलालेख, दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याच्याजवळ परदेशी शिपाई. दाराशी वर बघत उभं राहायला अर्धा तास हाताशी ठेवा. तिथून चालत मंडईत. १८८६ सालची इमारत आहे. एरवी आपण तिथे भाव विचारायला जातो, त्यामुळे मान वर करून अष्टकोनी मनोरा बघायचं राहून जातं. मेट्रोचं स्थानक आता मंडईतच आहे, म्हणजे गाडी कुठे लावायची ही कटकटही नाही. दुपारी घरी येऊन झोपायचं. महाबळेश्वरला गेल्यावर ही चैन परवडत नाही, खोलीचे पैसे वसूल करायचे असतात.

तुमचं लिहा. कुठे गेलात एवढंच नको, घर कसं सांभाळलंत तेही.

७:४२ची लेडीज

मी डोंबिवलीची. गाडी रोज भायखळ्याला थांबते, मी रोज पुढे जाते. एका सुट्टीत घरच्यांना घेऊन तिथेच उतरले. रविवार मुद्दाम टाळला, मेगाब्लॉकमध्ये लटकत जाण्याला मी सुट्टी म्हणणार नाही. बुधवारही नको, राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही त्या दिवशी बंद असतात.

संग्रहालयाची इमारत १८७२ची. आत मातीच्या लहान लहान प्रतिकृती आहेत, जुन्या मुंबईतले कारागीर, त्यांचे पोशाख, पगड्या. मुलगा पगड्यांपुढून हलायला तयार नाही. बाहेर जो दगडी हत्ती आहे तो घारापुरीचा. १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना त्याचे तुकडे झाले, मग जोडून इथे ठेवला. फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्यावरून नाव पडलं तो मूळचा पुतळाही याच आवारात आहे, स्वारासकट. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आपण फोर्टात घोड्याशिवायच काळा घोडा म्हणत होतो!"

स्वयंपाकाचं म्हणाल तर आदल्या रात्री दशम्या आणि चटणी केली होती. केली कुणी, विचारू नका. परतीची गाडी मात्र पाचच्या आत धरा, त्यानंतर सगळा डबा ऑफिस सुटलेला असतो.

टेकडीकर

दशम्या कुणी केल्या हाच तर धाग्याचा विषय आहे!

७:४२ची लेडीज

बरं, नवऱ्याने केल्या. जाड झाल्या होत्या. हत्तीशेजारी बसून सगळ्यांनी मुकाट खाल्ल्या.

रंकाळ्याचा वारा

आमच्या कोल्हापुरात सुट्टी म्हटलं की लोक गोव्याला पळतात. आम्ही एकदा गाडी काढायचीच नाही असं ठरवलं. सकाळी पंचगंगेचा घाट, मग मिसळ. कुठली ते लिहित नाही, भांडणं नकोत. दुपारी टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय. शाळेच्या सहलीनंतर मी तिकडं फिरकलोच नव्हतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं त्यात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत, आणि त्यात पोसायडनचा ब्राँझचा पुतळा आहे. ग्रीकांचा समुद्रदेव! दोनेक हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी व्यापार चालायचा, त्या वाटेनं तो इथवर आला. आणि कोल्हापूरला समुद्र नाही. पोरगीनं विचारलं, "ह्यो हितं काय करतोय?" मी म्हटलं, बाजाराला आला असंल.

रात्री गंगावेशीत दूध कट्टा. म्हैस समोर, धार समोर, ग्लास हातात. पाहुण्यांना आपण हौसेनं नेतो, आपण स्वतः शेवटचं कधी प्यालो ते आठवत नाही बघा. घरचं विचारलंत म्हणून सांगतो, आईनं नियम मानला नाही. रात्री आल्यावर पिठलं टाकलंच. तिला बाहेरचं जेवण म्हणजे सुट्टी वाटत नाही. प्रत्येकाची सुट्टी वेगळी असते, सक्ती करू नये.

हिशेबी

आम्ही शहरातल्याच हॉटेलात राहिलो. आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, मुलांना पोहायला हवं होतं. आठवड्याच्या मधल्या वारी खोली शनिवार-रविवारपेक्षा बरीच स्वस्त पडली.

आता एक महत्त्वाचं. काही हॉटेलं त्याच शहराचा पत्ता असलेलं आधार चालवून घेत नाहीत. ऑनलाइन पैसे भरून, बॅगा घेऊन, आईला हाताला धरून काउंटरवर उभे राहिलो तेव्हा "सर, लोकल आयडी नॉट अलाऊड" ऐकायला मिळालं. बरीच वादावादी झाल्यावर पैसे परत मिळाले. दुसऱ्या हॉटेलला आधी फोन केला, त्यांची काहीच हरकत नव्हती. तेव्हा बुकिंगच्या आधी फोन करा आणि आपला पत्ता याच गावातला आहे हे स्पष्ट सांगा. नाश्ता भाड्यात धरलेला आहे का, तेही तेव्हाच विचारा. कुटुंब मोठं असेल तर फरक पडतो.

आईला सगळ्यात काय आवडलं? सकाळी उठून अंथरूण आवरायचं नाही.

बडोदेकर काकू

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात, पण राजवाडा आणि कमाटी बाग यांपलीकडे पाहुण्यांना नेत नाही. यंदा जाऊबाई आणि मी दोघीच निघालो. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघितला. लाकडी वाडा, भिंतीभिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं. मग कीर्ती मंदिर. गायकवाड घराण्याचं स्मारक आहे, आणि आत नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. गंगावतरण, मीराबाई. भाविकपणे हात जोडून बाहेर पडू नका, मान वर करा. नंतर शेव-उसळ, ती तर हवीच.

पुरुषमंडळींना फ्रिजमध्ये काय आहे हेही सांगितलं नव्हतं. उपाशी कुणी राहिलं नाही.

पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरात आमचं घर म्हणजे नातेवाइकांचं वेरूळ-अजिंठ्याचं विश्रामगृह. त्यामुळे आमच्या सुट्टीचा पहिला नियम असा की कुणालाही कळू द्यायचं नाही. "गावाला चाललोय" असं सांगून टाकलं.

विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. वेरूळची गर्दी तिकडे वळत नाही. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचा मोठा शिल्पपट आहे. मधे तो उभा, आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं: आग, तलवार, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती. जुन्या काळच्या व्यापाऱ्याला वाटेत जे जे भय असेल ते सगळं दगडात. आम्ही मुलांना एकेक संकट ओळखायला लावलं, तासभर गेला. पायऱ्या आहेत, सकाळीच जा, पाणी सोबत न्या.

संध्याकाळी पाणचक्कीच्या हौदाशी टेकलो. काही किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जातं फिरवायचे. आणि तिथेच समोरून मावससासूबाई. "गावाहून कधी आलात?" मी म्हटलं, आत्ताच.

चोडणचा ताळगावकर

पणजीकरांनी डिसेंबरात घराबाहेर पडू नये. सगळा देश आमच्या रस्त्यावर असतो. आम्ही सुट्टी पावसात काढतो. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. फेरीतल्या त्या काही मिनिटांतच ऑफिस मागे पडतं. पावसात पक्षी कमी दिसतात, थंडीत जास्त, ज्याची त्याची निवड. दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्याहून तसंच दिवाडी बेटावर. घरी नुसती पेज आणि सुकी मासळी, तिला स्वयंपाक म्हणत नाहीत.

नियमभंग

टेकडीकर, गॅस बंद ठेवलात, ठीक. कपडे, लादी, भांडी? कामाच्या ताईंनाही सुट्टी दिलीत की फक्त स्वतःला?

टेकडीकर

दिली, पगारी. भांडी नव्हतीच, लादी तशीच राहिली. कपडे मात्र शेवटच्या दिवशी मशीनला दोनदा लावावे लागले. आणि ऑफिसच्या ग्रुपवर "आउट ऑफ स्टेशन" लिहून टाका, नाहीतर "घरीच आहेस ना, जरा लॅपटॉप उघड" असा फोन येतोच.

संत्रानगरी

नागपूरकरांनी हे मे महिन्यात करू नये, दुपारी चारपर्यंत घरातच कोंडून राहाल. डिसेंबर-जानेवारी धरा. सकाळी तर्री पोहे, मग अजब बंगला. मध्यवर्ती संग्रहालयाला आम्ही हेच म्हणतो, १८६३चं आहे. तो बंद असेल तर नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. रात्री सावजी. जेवणाची ऑर्डर देताना तिखट कमी सांगा, तरी ते कमी नसतंच.

७:४२ची लेडीज

नाशिकचं कुणी आहे का? नणंद तिथे राहायला गेलीय. तिला तिथला एक दिवस आखून पाठवायचाय, आणि सोमवारीच रजा मिळतेय तिला.

हिशेबी

सोमवार असेल तर आधी फोन करायला सांगा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात. पांडवलेणीही त्याच फोनाफोनीत विचारून घ्या. गोदाघाट आणि भांडी बाजार कुठल्याही वारी चालतो.