लेस्टरच्या १९ नगरसेवकांची तिकिटं कापली: डाव्या पक्षाने आपल्या माणसांना कारण सांगायला हवं की नको?

मनीषा_लेस्टर

परवा घरी जेवताना यावरून मोठा वाद झाला आणि तो काही डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडते.

मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहते, मतदार आहे. (भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला इथे मत देता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) आमच्या नगरपालिकेत ५४ जागा. २०१९ ला त्यातल्या ५३ मजूर (लेबर) पक्षाने जिंकल्या होत्या. एरवी वॉर्डातले पक्षसभासद बसून आपला उमेदवार ठरवतात. मे २०२३ च्या निवडणुकीआधी मात्र पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने तो अधिकार स्वतःकडे घेतला, आपलं पॅनेल बसवलं आणि १९ विद्यमान नगरसेवकांना तिकीट नाकारलं. त्यांतले बरेच जण आशियाई वंशाचे, वर्षानुवर्षं त्याच गल्ल्यांतून फिरणारे.

रीटा पटेल त्यातल्याच एक. थेट निवडून येणारं महापौरपद रद्द करावं, सगळी सत्ता एका माणसाच्या हाती नको, या ठरावासाठी पुढाकार घेणाऱ्यांत त्या होत्या. महापौर त्यांच्याच पक्षाचे, २०११ पासून त्या खुर्चीवर. ठराव पडला. तिकीट गेल्यावर बाई महापौरपदाला अपक्ष उभ्या राहिल्या. जिंकल्या नाहीत.

निकाल सांगते. त्या दिवशी देशभरात मजूर पक्षाच्या ५०० हून जास्त जागा वाढल्या. लेस्टरमध्ये २२ घटल्या. हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला १७ मिळाल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. तिकीट नाकारायचा हक्क पक्षाला आहे. पण कशासाठी नाकारलं ते त्या माणसाला लेखी कळलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, आणि त्याच्या वॉर्डातल्या सभासदांना विचारलं पाहिजे. कामगाराला कारण न देता कामावरून काढू नका म्हणून जो पक्ष शंभर वर्षं भांडला, त्याने तरी हे पाळायला हवं.

अभिजित_सांगली

मनीषाताई, भावना पोचली, पण पटलं नाही. तिकीट म्हणजे नोकरी नव्हे. चार वर्षांसाठी दिलेली जबाबदारी आहे, मुदत संपली की संपली. दर वेळी तीच ५३ माणसं उभी करायची असतील तर नव्यांनी काय फक्त पत्रकंच वाटायची?

आणि स्थानिक शाखा म्हणजे काही देवाचं घर नाही. लेस्टरमध्ये पक्षात दोन तट होते हे तुमच्याच लिहिण्यात दिसतंय. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे हिंदू-मुस्लिम तरुणांत राडे झाले, सगळं जग बघत होतं. अशा शहरात वरून कुणीतरी त्रयस्थ माणूस येऊन उमेदवार निवडतो, तर त्यात गैर काय? वॉर्डात सभासद नोंदवायचे, आपल्या जातीची, आपल्या गावाची पन्नास माणसं भरायची आणि मग 'सभासदांचा कौल' म्हणायचं, हे आपण इथे सहकारी सोसायट्यांत जन्मभर बघत आलोय.

मनीषा_लेस्टर

सभासद भरतीचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण मग त्या भरतीची चौकशी करा. ज्याने घोळ केला त्याला काढा, नाव घेऊन काढा. एकोणीस जण एका झटक्यात गेले की लोक तर्क लढवत बसतात. दंगलीमुळे काढलं? महापौरांविरुद्ध बोलल्यामुळे? काम केलं नाही म्हणून? बेलग्रेव्ह रोडवरच्या एका आजीबाईंनी मला दारातच विचारलं, "आमचा माणूस चोर निघाला का?" मला उत्तर देता आलं नाही. तो चोर नव्हता. पण कारण न सांगता काढलं की माणसावर डाग राहतोच.

काका_नगरसेवक

मी दोन टर्म नगरसेवक होतो, महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरात. पक्षाचं नाव घेत नाही, डावा होता एवढं पुरे. आमच्याकडचं कसं असतं ते सांगतो, म्हणजे तुलना करता येईल.

तिसऱ्या वेळी पक्षाने मला सांगितलं, तयारी करा. वॉर्डातले ६० बूथ कार्यकर्ते कामाला लागले. अर्ज भरायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंत मुदत. एबी फॉर्म येतोय, येतोय म्हणत जिल्हा कार्यालयातून फोन. निवडणूक कार्यालयाच्या आवारात मी चिंचेखाली उभा, हातात फाइल, शर्टाच्या खिशात अनामत रकमेची पावती. पावणेतीनला आमच्याच पक्षाचा दुसरा एक गृहस्थ मोटरसायकलवरून उतरला आणि सरळ आत गेला. त्याच्या हातात पिवळ्या पाकिटात एबी फॉर्म होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. पक्षाचा फॉर्म नाही म्हणजे चिन्ह नाही, आणि चिन्ह नाही म्हणजे मी माझ्याच वॉर्डात परका.

अभिजितराव, तुम्ही म्हणता तिकीट ही नोकरी नव्हे. बरोबर. पण मला राग तिकीट गेल्याचा नाही हो. बैठकीत समोर बसवून "या वेळी तुम्ही नको" म्हणाले असते तर मी त्या दुसऱ्याचा प्रचार केला असता. आधी दोनदा केलाय तसा.

अजून एक. इंग्लंडात नगरसेवकाला पक्षाने काढलं तरी त्याची जागा जात नाही, तो अपक्ष म्हणून बसतो. आपल्याकडे १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे. व्हिप मोडला तर नगरसेवकपदच जातं. म्हणजे आपल्या नगरसेवकाला पक्षाच्या आत न्याय मिळणं जास्त गरजेचं आहे, कारण त्याला बाहेर जायचा रस्ताच नाही.

लाल_सलाम_ठाणे

काकांचा अनुभव वाईट आहे, पण तो बेशिस्तीचा नमुना आहे, शिस्तीचा नाही. केरळ बघा. २०२१ ला माकपने नियम केला: सलग दोन टर्म झालेल्यांना विधानसभेचं तिकीट नाही. थॉमस आयझॅक यांच्यासारखा अर्थमंत्री घरी बसला. आरोग्यमंत्री शैलजा टीचरांना मट्टन्नूरमधून ६० हजारांवर मताधिक्य मिळालं, कोविडमधल्या कामाबद्दल जगभर नाव झालं, तरी त्या मंत्रिमंडळात नव्हत्या. पक्ष फुटला का? नाही. निर्णय होईपर्यंत वाद घाला, झाल्यावर सगळ्यांनी पाळा. ज्याला हे जमत नाही त्याने डाव्या पक्षात येऊ नये.

मनीषा_लेस्टर

दादा, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. दोन टर्मचा नियम आधी जाहीर झाला आणि सगळ्यांना सारखा लागला, म्हणून तो न्याय वाटला. लेस्टरमध्ये असा नियम कुठे होता? काही जण तीन-चार टर्म करून राहिले, काही एका टर्ममध्ये गेले.

आणि शिस्तीची दुसरी बाजूही बघा. माकप १९६४ चा पक्ष. पॉलिट ब्यूरोत, म्हणजे पक्षाच्या वरच्या निर्णय समितीत, पहिली स्त्री, वृंदा करात, २००५ ला. पहिला दलित सदस्य, रामचंद्र डोम, २०२२ ला. इतकी वर्षं आतून कुणी मागितलंच नसेल? मागणाऱ्याला बेशिस्त म्हटलं की अशी अर्धी शतकं जातात.

याच मजूर पक्षाला आज अभिमान कशाचा वाटतो? १९२१ च्या पॉप्लरचा. लंडनमधल्या त्या गरीब भागातले ३० नगरसेवक अन्याय्य करवाटपाविरुद्ध तुरुंगात गेले. स्वपक्षातल्या हर्बर्ट मॉरिसन यांच्यासारख्यांना तो मार्ग मान्य नव्हता. त्या नगरसेवकांचे म्होरके जॉर्ज लॅन्सबरी पुढे पक्षाचे नेते झाले.

सुनेत्रा_लंडन

मी थोडी वेगळी बाजू मांडते. 'पक्षात न्याय' म्हणताना आपण सगळे फक्त कारवाई झालेल्या माणसाचा विचार करतोय. तक्रार करणाऱ्याचं काय? ऑक्टोबर २०२० मध्ये समानता आणि मानवी हक्क आयोगाने मजूर पक्षावर अहवाल दिला. ज्यू सभासदांच्या तक्रारी पक्षाने ज्या रीतीने हाताळल्या त्यात समानता कायद्याचा भंग झाला, असा निष्कर्ष. आयोगाने ७० फायली तपासल्या, तर २३ ठिकाणी राजकीय हस्तक्षेप सापडला, आणि त्यात नेत्याचं कार्यालयही होतं. त्या तक्रारी आल्या तेव्हा पक्षाची सूत्रं डाव्या गटाकडे होती. 'सभासदांची लोकशाही' हा शब्द त्या काळात रोज ऐकू यायचा. दोन वर्षांनी पक्षानेच नेमलेला फोर्ड अहवाल आला, त्यात तर पक्षातल्या दोन्ही गटांनी ज्यूद्वेषाचा मुद्दा एकमेकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरल्याचं म्हटलंय.

म्हणून मला वरच्यांवरही विश्वास नाही आणि शाखेवरही नाही. तक्रार आणि शिक्षा दोन्ही पक्षाबाहेरच्या माणसांनी तपासाव्यात.

अभिजित_सांगली

सुनेत्राताईंना पूर्ण अनुमोदन. आणि मनीषाताई, तुमच्या लेस्टर पूर्व या संसदेच्या मतदारसंघातच २०१९ ला काय झालं? राष्ट्रीय कार्यकारिणीनेच क्लॉडिया वेब यांना वरून उमेदवारी दिली, त्या स्वतः त्या कार्यकारिणीच्या सदस्य होत्या. स्थानिक लोक चिडले होते. तेव्हा डाव्या गटातलं कोण सभासदांच्या हक्कासाठी बोललं? आपला माणूस आत असला की लादलेलं चालतं, आपला बाहेर गेला की अन्याय. माझा आक्षेप याला आहे.

मनीषा_लेस्टर

अभिजित, हे मान्य. त्या वेळी मी गप्प होते, कारण उमेदवार मला पटणाऱ्या गटाच्या होत्या. ते चुकलंच. आणि त्याची किंमत शहराने मोजली: २०२४ ला त्या जागेवर वेब अपक्ष, जुने खासदार कीथ वाझ 'वन लेस्टर' पक्षाकडून, मतं फुटली आणि शिवानी राजा हुजूर पक्षाकडून निवडून आल्या. त्या अख्ख्या निवडणुकीत हुजूर पक्षाने दुसऱ्याकडून हिसकावलेली ती एकमेव जागा.

सुनेत्राचं बाहेरच्या तपासनीसांचं मला पटतं, पण शिक्षेपुरतं. उमेदवार मात्र वॉर्डानेच निवडावा, वर्षभर जुने असलेल्या सभासदांनी, समोर बसून, हात वर करून. त्यात कधी चुकीचा माणूसही निवडला जाईल, ते सोसावं.

लाल_सलाम_ठाणे

हात वर करून नको, गुप्त मतदान हवं. हात वर करायला लावला की शाखाप्रमुखाकडे बघून वर होतो. बाकी शिस्तीबद्दलचं माझं मत कायम आहे. काका, तुम्ही नंतर पक्षाकडे लेखी विचारणा केलीत का?

काका_नगरसेवक

केली. रजिस्टर पत्र, जिल्हा सचिवांच्या नावे, दोन ओळींचं: "मला कोणत्या कारणाने वगळलं ते कळवावं. मी सभासद आहे आणि राहणार आहे." पोचपावती परत आली, ती जपून ठेवलीय. उत्तर नाही. यंदा अकरा वर्षं झाली. सभासदत्वाचं नूतनीकरण दर वर्षी करतो.