विमानात धूर किंवा विचित्र वास: तुमचा अनुभव सांगा

मागच्या महिन्यात टेकऑफनंतर दहाएक मिनिटांत केबिनमध्ये कोंदट वास सुटला. धूर अजिबात नाही. केबिन क्रूमधल्या बाईंना बोलावलं, तर त्यांनी चौकशीच सुरू केली. "कसला वास? जळका, गोडसर, तेलकट? वरून येतोय की पायाकडून?" मग इंटरकॉमवर दोन वाक्यं बोलल्या आणि विमान परत फिरलं. डोकं मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. आणखी कोणाला असा अनुभव आलाय? या क्षेत्रातलं कोणी असेल तर जरूर लिहा.

पाना-पक्कड
वापरलेल्या मोज्यांसारखा वास होता का? तसा असेल तर इंजिन ऑइलचा संशय पहिला. बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून घेतात. तिथलं सील गळलं की तेलाची वाफ एसीतून थेट तुमच्या नाकात. (बोइंग ७८७ मध्ये ही हवा विजेवरच्या वेगळ्या कॉम्प्रेसरने घेतात.) लॉगबुकात नुसतं 'वास आला' एवढंच असलं की आम्हा दुरुस्तीवाल्यांची रात्र गेलीच म्हणून समजा. जमिनीवर इंजिन चालवून पाहावं तर वास गायब!

मागची गॅली
१४ वर्षं केबिनमध्ये काढली. एकदा रात्री शेवटून तिसऱ्या रांगेत पॉवर बँक पेटली. आधी फस्स आवाज, मग पांढरा दाट धूर. मी स्मोक हूड (धुरापासून वाचवणारा, डोकं झाकणारा टोप) चढवला. त्यात स्वतःचाच श्वास कानात घुमतो, समोरचा काय ओरडतोय ते धड कळत नाही. हॅलॉनने (आग विझवायचा वायू) ज्वाळा विझली, पण बॅटरी आतून तापतच असते, म्हणून पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या ओतल्या. बर्फ नाही हं, त्याने उष्णता आत कोंडून राहते. लोक "ऑक्सिजन मास्क सोडा" म्हणून अंगावर येत होते. अहो, त्या मास्कमध्ये केबिनची हवाही मिसळते, म्हणजे धूरही! शिवाय आग असताना ऑक्सिजन सोडायचा? त्यापेक्षा ओला रुमाल नाकावर धरा आणि डोकं खाली ठेवा.

खिडकीची सीट
माझी फजितीच. बसल्या बसल्या वरच्या फटींतून पांढरे लोट यायला लागले, मी बेल दाबत सुटलो. "वास येतोय का?" नाही. दमट हवेत एसीचं धुकं होतं ते. शेजारच्या आजी अजून हसत असतील.

उजवी सीट
को-पायलट आहे. धुराचा वास आला की आमचा पहिला हात स्वतःच्या मास्ककडे जातो, त्यात १०० टक्के ऑक्सिजन असतो. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ च्या कॉकपिटमध्ये वास आला आणि साधारण वीस मिनिटांत ते विमान समुद्रात कोसळलं. २२९ जण गेले. म्हणून कारण शोधत घिरट्या घालणं नाही, आधी जवळचा विमानतळ. आमच्या वेळी ओव्हनमध्ये राहिलेला प्लॅस्टिकचा चमचा निघाला. तो सापडेपर्यंत आम्ही निम्मे खाली आलो होतो. उतरलोच. उशीर झाला म्हणून प्रवासी चिडले, चिडू देत.

धागाकर्ता
@पाना-पक्कड, अगदी मोजेच! मी तसं म्हटल्यावर बाईंनी हातातल्या कागदी रुमालावर 'मोजे' असं लिहून घेतलं होतं. मला वाटलं, थट्टा करतायत.