शांतिसेनेची माघार सिंग सरकारच्या माथी मारताना

नेहमी म्हटलं जातं की श्रीलंकेतून भारताची शांतिसेना व्ही. पी. सिंग यांनी मागे घेतली आणि राजीव गांधींच्या धोरणावर पाणी फिरवलं. तारखा लावून बघा, हे जेमतेम अर्धं खरं आहे.

ज्या करारामुळे भारतीय सैन्य तिथे गेलं, तो जुलै १९८७ मध्ये राजीव गांधींशी केला श्रीलंकेचे तेव्हाचे अध्यक्ष जयवर्धने यांनी. त्यांचेच पंतप्रधान प्रेमदास सुरुवातीपासून विरोधात होते. पुढे तेच अध्यक्ष झाले आणि जून १९८९ मध्ये त्यांनी सरळ मुदतच दिली: २९ जुलैपर्यंत भारतीय सैन्य निघालं पाहिजे. राजीव सरकारने मुदत मानली नाही, पण पहिली तुकडी त्याच दिवशी हलली आणि सप्टेंबरमध्ये परतीचा समझोताही झाला. म्हणजे निर्णय आधीच झाला होता; सिंग सरकारने तो मार्च १९९० मध्ये तडीस नेला, इतकंच.

यजमानच 'जा' म्हणत असताना तिथे राहणार तरी कशाच्या जोरावर? त्यातून प्रेमदास सरकारने भारतीय सैन्याशी लढणाऱ्या तमिळ वाघांनाच (एलटीटीई या बंडखोर संघटनेला) शस्त्रं पुरवली. अशा वेळी 'आणखी थोडं थांबायला हवं होतं' हे दिल्लीत बसून म्हणायला सोपं.

माझा राग माघारीवर नाहीच. सुमारे १२०० जवान गमावून फौज मद्रासला उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. या फौजेकडून श्रीलंकेतल्या तमिळांवर अत्याचार झाले हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो पूर्णपणे निराधार नव्हता. पण सैन्य पाठवायचा निर्णय जवानांनी घेतला होता का?